जेकब पॅरट आणि पहिलं मेडल ऑफ ऑनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धात एक १८ वर्षांचा साधा शिपाई होता, जेकब पॅरट नावाचा. अमेरिकन सैन्यात आज सगळ्यात मोठं समजलं जाणारं मेडल ऑफ ऑनर सगळ्यात आधी या पोराच्या हातात पडलं. त्याच्याबद्दल लोक सारखे तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळे एका जागी आणलेत. सुरुवातीला बेसिक आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात. एक गोष्ट दोनदा सांगायची नाही म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हा जेकब पॅरट नक्की कोण? नाव कधी ऐकलं नव्हतं.

ओहायो राज्यातला मुलगा, जन्म १७ जुलै १८४३. युद्ध सुरू झाल्यावर ३३व्या ओहायो पायदळ रेजिमेंटच्या के कंपनीत भरती झाला, रँक प्रायव्हेट, म्हणजे आपल्याकडचा शिपाई, त्याच्या खाली कोणी नाही. एप्रिल १८६२ मध्ये शत्रूच्या मुलखात घुसून चक्क एक रेल्वे इंजिन पळवायच्या मोहिमेत तो गेला, पकडला गेला, फटके खाल्ले, जवळजवळ वर्षभर तुरुंगात राहिला, आणि सुटल्यावर २५ मार्च १८६३ ला वॉशिंग्टनमध्ये युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी त्याला मेडल दिलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. नाव ऐकलेलं नसणं साहजिक आहे, कारण ही गोष्ट लोक इंजिनांची गोष्ट म्हणून सांगतात, त्यात माणसं मागे पडतात आणि शिपाई तर अजूनच मागे.

२. कुठलं युद्ध हे? कोण कोणाशी लढत होतं?

अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५. गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली आणि त्यांनी स्वतःचं कॉन्फेडरेट सरकार काढलं, उत्तरेकडे लिंकनचं सरकार, म्हणजे युनियन. सहा लाखांच्या वर माणसं मेली. पॅरट युनियनचा सैनिक. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, तेव्हा आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन नऊ वर्षं होत आली होती आणि बोरघाटातली लाइन अजून पूर्ण व्हायची होती, ती १८६३ मध्ये उघडली.

३. पायदळातला पोरगा रेल्वे पळवायला का गेला? तिथे रेल्वेवाले नव्हते का?

दोन-तीन जण होते ना. विल्यम नाइट आणि विल्सन ब्राउन यांना इंजिन चालवता यायचं, म्हणून ते घेतले. बाकी जी माणसं होती ती तीन ओहायो रेजिमेंटमधून (२री, २१वी आणि ३३वी) निवडलेली होती, पूल जाळायचे, रूळ उखडायचे, तारा तोडायच्या आणि वेळ आली तर लढायचं, यासाठी हात लागणार होते. साध्या कपड्यात जायचं होतं, गणवेश नाही. पकडले गेलो तर हेर म्हणून फासावर जाऊ हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, तरी गेले. १८ वर्षांच्या मुलाने हे ऐकून पाऊल पुढे टाकलं, ही गोष्ट मला अजूनही सगळ्यात मोठी वाटते, पुढचं सगळं त्यानंतरचं.

४. प्लॅन काय होता?

युनियनचे जनरल ऑर्म्सबी मिचेल यांचा. हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ, सिनसिनाटीची वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. त्यांना अलाबामातलं हंट्सविल घ्यायचं होतं आणि मग पूर्वेला चॅटनूगा. चॅटनूगाला मदत अटलांटाहून यायची ती वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वेने, १३८ मैल म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर, एकेरी लाइन. ती लाइन तोडली की चॅटनूगा एकटं पडतं. जेम्स अँड्र्यूज नावाचा केंटकीचा एक माणूस होता, सैनिक नव्हे, दक्षिणेत औषधांची चोरटी ने-आण करायचा आणि उत्तरेसाठी हेरगिरी. त्याने सांगितलं की मी माणसं घेऊन आत जातो, अटलांटाच्या जवळ एक गाडी पळवतो आणि उत्तरेकडे येता येता मागचे पूल जाळत येतो.

माणसं टेनेसीतल्या शेल्बीव्हिलजवळून ७ एप्रिलच्या रात्री तीन-तीन चार-चारच्या टोळक्यांनी निघाली. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही केंटकीचे, दक्षिणेच्या सैन्यात भरती व्हायला चाललोय. मुसळधार पाऊस, चिखल, पायपीट, मग चॅटनूगाहून गाडी पकडून जॉर्जियातलं मॅरिएटा.

५. १२ एप्रिलला नेमकं काय झालं? सविस्तर सांगा.

शनिवार, पहाटे. मॅरिएटाच्या स्टेशनवर वीस जण अटलांटाहून आलेल्या गाडीत प्रवासी म्हणून चढले. इंजिनाचं नाव 'जनरल'. पुढचं स्टेशन बिग शँटी (आज त्याला केनेसॉ म्हणतात), तिथे नाश्त्याचा हॉल्ट असायचा. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर, ड्रायव्हर, प्रवासी सगळे उतरून हॉटेलात गेले. समोरच रुळांपलीकडे कॉन्फेडरेट सैन्याचा कॅम्प, पहारेकरी उभे. आणि या लोकांनी तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, प्रवासी डबे सोडवले, इंजिन आणि तीन मालडबे ठेवले आणि निघून गेले. ही जागा निवडायचं कारण म्हणजे बिग शँटीला तारघर नव्हतं.

इंजिनवर अँड्र्यूज, नाइट, ब्राउन आणि कोळशावाल्याच्या, खरं तर लाकडावाल्याच्या कामाला जॉन विल्सन. बाकीचे सोळा मालडब्यात बंद. पॅरट या सोळातला. म्हणजे ज्या पाठलागाच्या गोष्टी आपण वाचतो तो त्याला दिसलाही नसेल, फक्त अंधारात धक्के बसत होते आणि मध्येच गाडी थांबली की उतरून रूळ उचकटायचा, तार तोडायची, लाकडं भरायची, परत आत.

इकडे फुलर नाश्ता टाकून पळत सुटला, अक्षरशः पायी, रुळांवरून. बरोबर ड्रायव्हर जेफ केन आणि रेल्वे वर्कशॉपचा अँथनी मर्फी. दोनेक मैल पळाल्यावर कामगारांची एक हातगाडी मिळाली, ती ढकलत इटोवा नदीपर्यंत, तिथे 'योना' नावाचं जुनं इंजिन, ते घेऊन किंग्स्टन. किंग्स्टनला 'विल्यम आर. स्मिथ' हे दुसरं इंजिन. पुढे रूळ उखडलेला, परत पायी. मग समोरून 'टेक्सास' इंजिन येत होतं, ते थांबवलं, मागचे डबे ॲडेअर्सव्हिलला सोडले आणि ते इंजिन उलटंच, मागे धावत, पाठलागाला लावलं. वळवायला वेळ कुठे होता. वाटेत डाल्टनचा एक १७ वर्षांचा तारवाला पोरगा बरोबर घेतला, डाल्टनला उतरून तार तुटायच्या आत त्याने चॅटनूगाला अर्धामुर्धा का होईना निरोप पोचवला.

शेवटी रिंगगोल्डच्या दोन मैल पुढे 'जनरल'चं लाकूड आणि पाणी संपलं. ८७ मैल, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर झाले होते. अँड्र्यूजने सांगितलं की ज्याचा त्याचा जीव वाचवा, आणि सगळे जंगलात पांगले.

६. एवढी भारी योजना, मग फसली का?

लोक म्हणतात फुलरने पकडलं म्हणून फसली. माझं मत वेगळंय, ती एका दिवसाने फसली. ठरलं होतं शुक्रवार ११ एप्रिल. पावसामुळे माणसं वेळेत पोचणार नाहीत म्हणून अँड्र्यूजने एक दिवस पुढे ढकललं, त्याला वाटलं या चिखलात मिचेलचं सैन्यही अडकलं असेल. पण मिचेल थांबले नाहीत, त्यांनी ११ तारखेलाच हंट्सविल घेतलं. झालं, चॅटनूगात घबराट, तिथून सामानाच्या जादा गाड्या दक्षिणेकडे सुटायला लागल्या आणि लाइन एकेरी. किंग्स्टनला अँड्र्यूजला बाजूच्या रुळावर तासाभराहून जास्त थांबावं लागलं, एक गाडी आली की तिच्या मागे लाल निशाण, म्हणजे अजून एक येतेय. स्टेशनवाल्यांना तो सांगत होता की दक्षिणेच्या जनरल बोरगार्डसाठी दारूगोळा नेतोय, आणि सोळा माणसं बंद डब्यात श्वास रोखून. तो तास मिळाला नसता तर फुलर कितीही पळाला असता तरी पोचला नसता.

दुसरं म्हणजे १२ तारखेलाही पाऊसच. लाकडी पूल भिजलेले, पेट घेईनात. एक डबा पेटवून छपराच्या पुलात सोडून बघितला, तोही धड जळला नाही, 'टेक्सास'ने ढकलून बाजूला केला. रूळ उचकटायला नीट हत्यारंही नव्हती.

७. पॅरटने स्वतः काय केलं? तो तर इंजिन पण चालवत नव्हता.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि थोडा चिडवायच्या सुरात येतो, तरी प्रश्न योग्य आहे.

जंगलात पांगल्यावर पॅरट आणि सॅम्युअल रॉबर्टसन एकत्र पकडले गेले. पॅरट वयाने लहान, शांत, साधा दिसणारा. पकडणाऱ्यांना वाटलं की हा बोलेल. त्यांना एकच गोष्ट हवी होती, इंजिन कोण चालवत होता ते दाखव. सुटल्यावर मार्च १८६३ मध्ये सैन्याचे जज ॲडव्होकेट जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, जोसेफ होल्ट यांच्यासमोर शपथेवर त्याने जे सांगितलं ते असं: एक अधिकारी आणि चार सैनिक, खटला नाही काही नाही, त्याचे कपडे उतरवले, एका दगडावर वाकवलं, डोक्यावर दोन पिस्तुलं धरली आणि एका लेफ्टनंटने कच्च्या चामड्याच्या चाबकाने शंभराच्या वर फटके मारले. मध्ये तीनदा थांबून विचारलं, ड्रायव्हर कोण. तिन्ही वेळा त्याने सांगितलं नाही.

आता विचार करा, नाइट आणि ब्राउन ही दोन नावं होती, दोन शब्द. ती बोलला असता तर फटके थांबले असते आणि त्या दोघांना बहुतेक सगळ्यात आधी फाशी झाली असती. ते दोघेही युद्धातून जिवंत परत आले. पॅरटने काय केलं याचं उत्तर हे आहे. त्याने पूल जाळला नाही, कोणाला मारलं नाही, इंजिनाच्या लिव्हरला हात लावला नाही, तो गप्प बसला. माझ्या मते त्या अख्ख्या मोहिमेत जे एक काम शंभर टक्के यशस्वी झालं ते हेच.

८. बाकीच्यांचं काय झालं? सगळ्यांना फाशी दिली का?

नाही, पण आठ जणांना दिली. दोन आठवड्यांच्या आत सगळेच पकडले गेले. चॅटनूगाच्या तुरुंगात त्यांना जमिनीखालच्या एका छोट्या कोंदट खोलीत साखळ्यांनी जखडून ठेवलं, वरून शिडी सोडायची आणि काढून घ्यायची. अँड्र्यूजला ७ जून १८६२ ला अटलांटात फाशी. मग १८ जूनला अजून सात जणांना एकाच वेळी: विल्यम कॅम्पबेल (हाही नागरिक, सैनिक नव्हे), जॉर्ज विल्सन, मॅरियन रॉस, फिलिप शॅड्रॅक, सॅम्युअल स्लेव्हन्स, जॉन स्कॉट आणि पॅरटबरोबर पकडला गेलेला सॅम्युअल रॉबर्टसन. त्यात दोघांचे दोर तुटले, ते खाली पडले, शुद्धीवर आले आणि त्यांना परत चढवलं. लिहिताना पण हात थांबतो.

उरले चौदा. आपलीही पाळी येणार असं त्यांना कळलं तेव्हा १६ ऑक्टोबर १८६२ ला भर संध्याकाळी त्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घालून अटलांटाचा तुरुंग फोडला. आठ जण निसटले आणि आठही पोचले. जॉन विल्सन आणि मार्क वूड तर चॅटहूची नदीतून होडीने पार समुद्रापर्यंत गेले, तिथे युनियनच्या जहाजाने उचललं. सहा जण मात्र मागे राहिले, त्यात पॅरट. पुढे त्यांना रिचमंडच्या कॅसल थंडर तुरुंगात हलवलं आणि मार्च १८६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सोडलं.

९. सातच जणांना फाशी का? गुन्हा तर सगळ्यांचा सारखाच होता.

अँड्र्यूजचा खटला वेगळा चालला होता. बाकीच्यांपैकी बारा जणांना खटल्यासाठी नॉक्सव्हिलला नेलं आणि एकेकाची केस चालायला लागली. सात केसेस होईपर्यंत युनियनचं सैन्य जवळ आलं, कोर्ट गुंडाळलं, कैद्यांना अटलांटाला हलवलं. ज्या सात जणांचे खटले झाले होते ते गेले, बाकीचे राहिले, यापलीकडे त्यात काही न्याय शोधू नका.

१०. मेडल कसं मिळालं? आणि सहा जणांत पहिला पॅरटच का?

सुटलेले सहा जण म्हणजे पॅरट, विल्यम पिटेंजर, रॉबर्ट बफम, विल्यम बेन्सिंगर, विल्यम रेडिक आणि एलिहू मेसन. होल्ट यांच्यासमोर जबान्या झाल्यावर २५ मार्चला त्यांना युद्धमंत्री स्टँटन यांच्या ऑफिसात बोलावलं. पिटेंजरने नंतर सगळा अनुभव लिहून ठेवला. तो सांगतो की स्टँटन यांचा जीव पॅरटवर जास्त जडलेला दिसला, सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारा म्हणून. त्यांनी त्याला विचारलं, शिकायचं असेल तर वेस्ट पॉइंटला, म्हणजे सैन्याच्या अकादमीत, पाठवतो. हा म्हणाला, युद्ध चालू आहे तोवर शाळा नको, ज्यांनी मला असं वागवलं त्यांच्याशी लढायला परत जातो. मग स्टँटन आत जाऊन मेडल घेऊन आले आणि सांगितलं की हे नवीन मेडल अजून कोणालाच दिलेलं नाही. पहिलं पॅरटला दिलं, नंतर बाकी पाचांना, प्रत्येकी १०० डॉलर वर, आणि त्याच दिवशी ते लिंकन यांना भेटले.

फटक्यांमुळेच तो पहिला, असं सगळे मानतात आणि मलाही तेच पटतं. पण एक लक्षात घ्या, अधिकृत मानपत्रात फटक्यांचा शब्दसुद्धा नाही. शत्रूच्या मुलखात सुमारे २०० मैल घुसून बिग शँटीला गाडी पळवली, पूल आणि रूळ उद्ध्वस्त करायचा प्रयत्न केला, एवढंच, आणि तोच मजकूर या मोहिमेतल्या जवळजवळ सगळ्यांना.

११. मग सगळ्यात पहिला मेडलवाला बर्नार्ड आयर्विन असं का वाचायला मिळतं?

दोन्ही बरोबर आहे. डॉक्टर आयर्विन यांची कामगिरी फेब्रुवारी १८६१ ची, ॲरिझोनातली, म्हणजे तारखेने सगळ्यात जुनी, पण त्यांना मेडल दिलं १८९४ मध्ये. हातात मेडल पडलेला पहिला माणूस पॅरट. नौदलाचं मेडल डिसेंबर १८६१ मध्ये सुरू झालं आणि सैन्याचं १२ जुलै १८६२ च्या कायद्याने, आणि तो कायदा सुरुवातीला फक्त शिपाई आणि बिगर-कमिशन हुद्द्यांसाठी (आपल्याकडचे नाईक-हवालदार) होता. अधिकाऱ्यांना ते मार्च १८६३ पासून मिळायला लागलं. मेडल मुळात पॅरटसारख्यांसाठीच काढलेलं होतं हे विसरलं जातं.

१२. सगळ्यात लहान वयाचा पण पॅरटच ना?

नाही. तो विली जॉन्स्टन, ३ऱ्या व्हरमाँट पायदळाचा ढोलकवाला. १८६२ च्या सात दिवसांच्या लढाईत तो ११ वर्षांचा होता, माघार घेताना बाकीच्यांनी ओझं टाकून दिलं, याने ढोल सोडला नाही. मेडल सप्टेंबर १८६३ मध्ये. पॅरट फक्त त्या सहा जणांत लहान.

१३. अँड्र्यूज तर लीडर होता, त्याला मेडल का नाही?

कारण तो सैनिक नव्हता. कायदा सैनिकांपुरता होता, त्यामुळे अँड्र्यूज आणि कॅम्पबेल दोघेही बाहेर, फासावर जाऊनही. नियम म्हणून समजतं, पण मनाला पटत नाही. १८८७ मध्ये त्याचे अवशेष चॅटनूगाच्या राष्ट्रीय दफनभूमीत बाकीच्या सात जणांशेजारी आणले, निदान तेवढं झालं.

१४. कुठे २४ जण लिहिलंय, कुठे २२, कुठे २०, मेडलं कुठे १९ तर कुठे २१. नक्की खरं काय?

सगळेच आकडे खरे आहेत, मोजायची जागा वेगळी. निघाले २४: अँड्र्यूज, कॅम्पबेल आणि २२ सैनिक. वाटेत सॅम्युअल लुएलिन आणि जेम्स स्मिथ यांच्यावर संशय आला, त्यांनी ठरलेली गोष्ट सांगितली की आम्ही भरती व्हायला चाललोय, तर त्यांना तिथेच दक्षिणेच्या तोफखान्यात भरती करून घेतलं. मॅरिएटाला पोचले २२. तिथे जॉन पोर्टर आणि मार्टिन हॉकिन्स यांना सकाळी कोणी उठवलं नाही आणि त्यांची गाडी चुकली. म्हणून गाडीत २०. हे दोघेही पुढे पकडले गेलेच, ऑक्टोबरमध्ये पळालेल्या आठांत आहेत.

मेडलं: २२ सैनिकांपैकी १९ जणांना १८६३ ते १८८३ च्या मधे मिळाली, काहींच्या घरच्यांकडे, कारण ते स्वतः फासावर गेले होते. राहिले लुएलिन, शॅड्रॅक आणि जॉर्ज विल्सन. नंतर दोघांना मिळाली (पुढचा प्रश्न बघा), म्हणून आता २१.

१५. शॅड्रॅक आणि विल्सन यांना एवढी वर्षं का लागली?

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. दोघेही प्रायव्हेट, दोघेही गाडीत होते, दोघांनाही १८ जून १८६२ ला फाशी. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी फासावर गेलेल्या चार सैनिकांना मेडल आणि या दोघांना नाही, याला मेरिटवर काहीच कारण नाही, दोघं मागे पडले ते पडलेच. वंशजांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, २००८ मध्ये संसदेने मंजुरी दिली, तरी त्यानंतरही सोळा वर्षं गेली. शेवटी ३ जुलै २०२४ ला व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष बायडन यांनी वंशजांच्या हातात मेडलं दिली, १६२ वर्षांनी.

१६. स्मिथ गाडीत नव्हताच, तरी त्याला मेडल, आणि लुएलिनला नाही, हे कसं?

बरोबर पकडलंत. जेम्स स्मिथला जुलै १८६४ मध्ये मिळालं, लुएलिनला कधीच नाही, दोघं एकाच जागी अडकले असूनही. पोर्टर आणि हॉकिन्स यांची गाडी चुकली तरी त्यांनाही मिळालं, पण त्यांनी निदान तुरुंग भोगला. यातून एवढंच दिसतं की तेव्हा मेडलचे नियम ढिले होते, पुढचं वाचा.

१७. यादवी युद्धात मेडलं खैरातीसारखी वाटली म्हणतात, मग पॅरटच्या मेडलची किंमत ती काय?

वाटली हे खरं. त्या युद्धासाठी दीड हजारांहून जास्त मेडलं आहेत. तेव्हा दुसरं कुठलं शौर्यपदक सैन्यात नव्हतंच, छोटं-मोठं सगळं याच एका मेडलात. आणि मेन राज्याच्या २७व्या रेजिमेंटला तर मुदत संपल्यावर वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी चार दिवस जास्त थांबण्याबद्दल ८६४ मेडलं निघाली, त्यात जे थांबले नव्हते ते पण. १९१६ मध्ये निवृत्त जनरल नेल्सन माइल्स यांच्या बोर्डाने सगळी यादी तपासली आणि १९१७ मध्ये ९११ नावं काढली. त्यात डॉक्टर मेरी वॉकर होत्या, हे मेडल मिळालेली एकमेव बाई, त्यांचं १९७७ मध्ये परत दिलं.

इंजिन पळवायच्या मोहिमेतल्यांची मेडलं त्या तपासणीत तशीच राहिली, एकाचंही काढलं नाही. पॅरटच्या मेडलची किंमत मोजायची तर सातवा प्रश्न परत वाचा.

१८. आपल्या परमवीर चक्रासारखंच का हे?

आज दोन्ही आपापल्या देशात सर्वोच्च, तेवढं साम्य. परमवीर चक्र १९५० मध्ये सुरू झालं आणि पहिल्यापासून फार मोजकं दिलं गेलं, वरच्या १७ मध्ये सांगितलेला गोंधळ त्यात कधीच नव्हता. शिपायाच्या हातात सर्वोच्च पदक, हे बघायचं असेल तर मला नामदेव जाधव जवळचे वाटतात, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई, ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर जखमींना गोळीबारातून उचलून आणलं, मग एकट्याने मशीनगनच्या जागा बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ती रणांगणातली उघड लढाई आणि ही बंद खोलीतली गप्प राहण्याची, दोन वेगळी शौर्यं आहेत, कोण मोठा असलं भांडण मला लावायचं नाहीये.

१९. दक्षिणेवाल्यांनी फुलरला काय दिलं? तोही शूरच होता की.

होता, नाकारणार नाही. नाश्त्यावरून उठून पायी इंजिनाच्या मागे पळायला जिगर लागते, आणि अटलांटा भागात त्याचं नाव अजून मानाने घेतात. कॉन्फेडरेट सरकारने १८६२ मध्ये पदकांचा कायदा केला होता, पण पदकं घडवायला सामान नाही, म्हणून शेवटी 'रोल ऑफ ऑनर' म्हणून नावांची यादी काढायचे. फक्त एवढंच, शौर्य दोन्हीकडे असलं तरी बाजू दोन्ही सारख्या नव्हत्या. गाडी वाचवली ती गुलामगिरी वाचवणाऱ्या सरकारची होती हे सांगितल्याशिवाय फुलरची गोष्ट सांगू नये.

२०. याचा आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध?

मोहिमेचा नाही, युद्धाचा मात्र जबरदस्त. युनियनच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि सगळे धावले मुंबईकडे. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला न भूतो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर, बॅक बेच्या भरावाच्या शेअर्सवर सट्टा, त्यात सगळ्यात पुढे प्रेमचंद रायचंद. त्यांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, शेअर बाजार बुडाला. खेड्यात त्याचे परिणाम अजून लांबले, तेजीत अंगावर घेतलेलं कर्ज मंदीत फिटेना, आणि १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध जे दंगे पेटले त्याच्या कारणांत हेही एक आहे. पॅरट चॅटनूगाच्या त्या खोलीत साखळीत होता तेव्हा मुंबईत कापसाचे भाव चढत होते.

२१. मेडल मिळाल्यावर पॅरटचं पुढे काय? पेन्शन मिळाली का?

म्हणाला तसा तो सैन्यात परत गेला आणि लेफ्टनंट झाला. युद्धानंतर ओहायोत केंटन गावात फर्निचरचं सुतारकाम केलं. २२ डिसेंबर १९०८ ला तिथेच वारला, वय ६५, ग्रोव्ह दफनभूमीत आहे. मेडलवाल्यांसाठी महिना १० डॉलरची खास पेन्शन १९१६ मध्ये आली, म्हणजे त्याच्या नंतर आठ वर्षांनी. ज्या तारखेला त्याला मेडल मिळालं तो २५ मार्च आता अमेरिकेत राष्ट्रीय मेडल ऑफ ऑनर दिवस म्हणून पाळतात, १९९० च्या कायद्यापासून.

२२. आम्ही अटलांटात राहतो, मुलांना दाखवायला कुठे नेऊ?

'जनरल' केनेसॉमध्ये आहे, यादवी युद्ध आणि इंजिनांच्या सदर्न म्युझियममध्ये, म्हणजे जिथून पळवलं त्याच गावात. त्याच्यावरून चॅटनूगा आणि जॉर्जियाचं कोर्टात भांडण झालं, १९६७ मध्ये चॅटनूगाच्या महापौरांनी ते वाटेत अडवलं होतं, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७२ मध्ये ते केनेसॉला आलं. 'टेक्सास' अटलांटा हिस्टरी सेंटरमध्ये. दोन्ही इंजिनं उत्तरेतल्याच न्यू जर्सीच्या पॅटरसन गावात बनलेली, १८५५ आणि १८५६ ची, हे मुलांना नक्की सांगा. अजून वेळ असेल तर दोनेक तास गाडी चालवून चॅटनूगाच्या राष्ट्रीय दफनभूमीत जा, तिथे ओहायोने उभारलेलं स्मारक आहे, वर 'जनरल'ची ब्राँझची प्रतिकृती आणि भोवती आठ जणांच्या कबरी. सकाळी केनेसॉ करून मग तिकडे निघालात तर महामार्ग साधारण त्याच बाजूने जातो ज्या बाजूने ती गाडी पळाली, ॲडेअर्सव्हिल, डाल्टन, रिंगगोल्डच्या पाट्या लागतात. पॅरटची कबर मात्र त्या ट्रिपमध्ये होणार नाही, त्यासाठी ओहायोला जावं लागेल.